अमरावती ते हिवरखेड, थंड इंजिनासोबत

जानेवारीत मी सात दिवस वऱ्हाडात होते आणि जो भेटेल त्याला एकच प्रश्न विचारत होते: सकाळी गाडी सुरू केल्यावर तुम्ही नेमकं काय करता?

अमरावतीतल्या एका गृहस्थांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "बसतो अन् जातो. पुण्यात काय करतात?"

पुण्यात मी गाड्यांबरोबर मिळणाऱ्या माहितीपुस्तिका लिहिते. डॅशबोर्डच्या कप्प्यात विम्याच्या कागदांखाली दबलेली, कुणीही न वाचलेली ती जाड पुस्तिका माझ्यासारखी माणसं लिहितात. यंदा आमच्याकडे प्लग-इन हायब्रिड गाडीची मराठी पुस्तिका आली होती. ही गाडी घरच्या प्लगवर चार्ज होते, पहिले चाळीस-पन्नास किलोमीटर विजेवर बिनआवाजी जाते आणि बॅटरी संपली की पेट्रोलचं इंजिन काम हातात घेतं. म्हणजे आपण बटण दाबून निघतो तेव्हा इंजिन झोपलेलं असतं. त्याला जाग येते ती अर्ध्या वाटेत, बहुतेक वेळा भर हायवेवर, आणि थंडगार अवस्थेत. मग ते गरम कधी करायचं आणि कसं? या एका पानावर ऑफिसात चार बैठका झाल्या. शेवटी आमच्या प्रमुख म्हणाल्या, "मीरा, मालक खरोखर काय करतात ते बघून ये. फक्त विचारायचं. सल्ला द्यायचा नाही."

मला ही अट आवडली. सल्ला द्यायला तोंड उघडावं लागतं.

यादीत वऱ्हाडातले दोन मालक होते, एक अमरावतीचे आणि एक अकोल्याच्या. अमरावतीला माझी आत्या राहते, म्हणून हा दौरा माझ्या वाट्याला आला.

अमरावती, सोमवार-मंगळवार

आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झाली आहे. तिचा आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत जातो. मी रिक्षातून उतरत होते तेव्हाच तो गल्लीभर गेला. "काय वं, इतकी काहून वाळली? जेवाले देतेत का नाई तिकडे?"

शेजारच्या दोन खिडक्या उघडल्या. मी बॅगेकडे पाहत आत गेले.

पहिल्याच दिवशी तिने मला गिला वडा खायला नेलं. डाळीचा मऊ वडा, वर दही आणि लालभडक चटणी. पुण्यात तिखट विचारून वाढतात. इथे न विचारता वाढतात आणि मग डोळ्यांतून पाणी आलं की दुकानदार प्रेमाने आणखी दही घालतो. माझ्या ताटलीत तीनदा दही पडलं.

मंगळवारी यादीतल्या पहिल्या मालकांकडे, गावंडे काकांकडे गेलो. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते. आत्याला खरं तर मी एकटीच जाणार असं सांगितलं होतं. पण संक्रांत नुकतीच झाली होती, गावंडे काकूंकडे हळदीकुंकू होतं, आणि आत्याच्या मते एकटीने अनोळखी घरी जाणं आणि हळदीकुंकू चुकवणं या दोन्ही गोष्टी सारख्याच वाईट.

पोर्चमध्ये गाडी सुती खोळीखाली होती. काकांनी खोळ घडी घालून बाजूला ठेवली, मगच बोलले.

"दसऱ्यापासून पेट्रोलचा एक थेंब जाळला नाही. भाजी, बँक, देऊळ, सगळं विजेवर."

"आणि इंजिन?" मी विचारलं.

"त्याला उठवतच नाही. आहे तिथे सुखात आहे."

आत्या बॉनेटवर वाकली. तिथे दसऱ्याच्या पूजेचं हळदकुंकू अजून लागलेलं होतं. "मंग थे इंजिन ठेवलं कायले, काकाजी? हळदीकुंकू लावाले?"

काका मनापासून हसले. मी फॉर्मवर लिहिलं: 'इंजिन वापरत नाही.' महिनोन्महिने न चाललेल्या इंजिनात पेट्रोल शिळं होतं, भागांवरचं तेल खाली उतरून जातं, अधूनमधून त्याला वीसेक मिनिटं रस्त्यावर पळवावं लागतं, हे मला माहीत होतं. पण अट अट होती. मी तिळगूळ खाल्ला आणि गोड बोलले. वाण म्हणून मिळालेली स्टीलची वाटीही घेतली.

अमरावतीहून निघताना, बुधवार

दुसऱ्या मालकीणबाई अकोल्याच्या बालरोगतज्ज्ञ डॉक्टर वानखडे. त्यांच्या आई अमरावतीला राहतात. आईंना सोडायला आलेली गाडी बुधवारी रिकामी परत जाणार होती. डॉक्टर फोनवर म्हणाल्या, "त्यातच या की. आमचे ड्रायव्हर देवराव आणतील तुम्हाला." आत्याने अकोल्यातल्या तीन ओळखीच्या घरी तिळगूळ द्यायचा राहिल्याचं तिथल्या तिथे जाहीर केलं आणि पिशवी भरली.

सकाळी सातला मी बाहेर आले तेव्हा दारात गाडी उभी होती आणि तिचं इंजिन चालू होतं. मला आश्चर्य वाटलं. रात्रभर चार्ज झालेली गाडी, बॅटरी भरलेली, इंजिनाचं काही कामच नव्हतं. मागच्या नळीतून पांढरी वाफ निघत होती. पन्नाशी उलटलेले, मफलर बांधलेले एक गृहस्थ बॉनेटवर तळहात ठेवून उभे होते. लेकराला ताप आहे का पाहताना ठेवतात तसा.

"बसू नका, मॅडम. आणखी सात मिनिटं."

"रोज असंच करता?" मी विचारलं. फॉर्मवरचा प्रश्न आपोआप आला.

"पंधरा मिनिटं. घड्याळ लावून. पंचवीस वर्षं झाले, डॉक्टरसायबांची ॲम्बॅसेडर होती तवापासून. गार इंजिनावर मी कोनाले बसू देल्लं नाई." हे डॉक्टरसाहेब म्हणजे वानखडे मॅडमचे वडील, हे मागाहून कळलं. "ही गाडी बटण दाबलं तं आवाजच नाई करत. मंग मी हे दुसरं बटण शोधलं." त्यांनी काचेतून पडद्यावरचं एक चिन्ह दाखवलं. ते इंजिन जबरदस्तीने चालू ठेवण्याचं बटण होतं.

सात मिनिटं झाली. देवरावांनी समाधानाने ते बटण पुन्हा दाबलं, इंजिन बंद झालं, आणि आम्ही विजेवर, बिनआवाजी बडनेऱ्याच्या दिशेने निघालो.

मी मागे बसून विचार करत होते. इंजिन उठवलं, अर्धवट कोमट केलं, काहीच काम दिलं नाही आणि परत झोपवलं. रोज. मी फॉर्म काढला आणि पेनचं टोपण उघडलं, पण काही लिहिलं नाही.

मूर्तिजापूर

बडनेरा मागे पडलं की दोन्ही बाजूंना काळी जमीन सुरू होते. तुरीच्या कापलेल्या पेंढ्या बांधाला उभ्या होत्या, हरभरा हिरवागार होता, आणि कपाशीत शेवटच्या वेचणीच्या बाया ओळीने पुढे सरकत होत्या. गाडीत आवाज होता तो फक्त आत्याचा.

मूर्तिजापूर जवळ आलं आणि बॅटरी संपली. ऐंशीच्या वेगात इंजिन एकदम जागं झालं. पायाखाली एक खरखर आली, गाडी किंचित दचकली.

देवरावांचा चेहरा पडला. "पाहा. इतकं गरम करून देल्लं तरी अठी येऊन हे असं दचकते."

सकाळची ऊब एवढ्या वाटेत कधीच निघून गेली होती. मी खिडकीबाहेर पाहिलं.

चहाला थांबलो. मी एकटी असते तर चहा पिऊन निघाले असते. आत्या असल्यामुळे आम्हाला दोन कपांत सगळं कळलं.

"भाऊ, मघापासून चेहरा असा काहून?"

"काई नाई, ताई."

"काई नाई म्हणणाऱ्याले बम काही असते. बोला."

देवराव बोलले. सहा महिन्यांत दोनदा इंजिनचं तेल बदलावं लागलं होतं. नागपूरच्या वर्कशॉपवाल्याने सांगितलं की तेलात पेट्रोल उतरतंय, ड्रायव्हरच्या सवयीमुळे. कोणती सवय, ते काही सांगितलं नाही. मॅडमचा मुलगा निखिल बंगळूरहून आलाय आणि घरूनच काम करतो. त्याचं म्हणणं, गाडी सगळं स्वतः करते, आता ड्रायव्हर कशाला?

"रविवारी ठरवू म्हणे. काम तं मले कोठीही भेटन, ताई. पन देवरावनं मॅडमच्या गाडीचं इंजिन खराब केलं, हे नाव घेऊन मी कोनाच्या दारात उभा राहू?"

आत्या गप्प झाली. ती गप्प होते तेव्हा काळजी करावी. ती माझ्याकडे पाहत होती. कोणती सवय ते मला ठाऊक होतं, आणि मी कपात पाहत होते.

अकोला, जुने शहर

डॉक्टर वानखडेंचं घर जठारपेठेत. खाली दवाखाना, वर घर, त्याच्याही वर आमची पाहुण्यांची खोली. रात्रीच्या जेवणाला पाटोडीची रस्सा भाजी होती. बेसनाच्या वड्या लालभडक रश्श्यात. मी अमरावतीत शिकले होते, म्हणून आधीच दह्याची वाटी जवळ ओढून घेतली.

निखिलवर रागवायची माझी तयारी होती, पण तो चांगला निघाला. स्वतः भाकरी वाढत होता. "देवराव काकांनी मला शाळेत सोडलंय," तो म्हणाला. "माझं त्यांच्याशी काही वैर नाही. पण इंजिन जातंय ना. तुम्ही तर यातल्याच आहात. सांगा, या गाडीला ड्रायव्हर लागतो का?"

डॉक्टरही माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांची नजर शांत असते, सुई टोचण्याआधी असते तशी.

"मी फक्त नोंदी घेते," मी म्हणाले.

तेवढ्यावर विषय संपला. भाजी फार चांगली होती आणि मला ती गेली नाही.

शुक्रवारी सकाळी आत्या मला मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात घेऊन गेली. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून स्कूटर आली तर एकाने दुकानात शिरायचं. आम्ही तशाच एका दुकानात शिरलो ते कचोरीचं निघालं. कचोरी फोडून तिच्यावर गरम कढी ओततात. पुण्यात हे सांगितलं तर लोक कचोरीसाठी हळहळतील.

तिथेच, उभ्या उभ्या, मी आत्याला सगळं सांगितलं. बॉनेटवरचा हात, पंधरा मिनिटं, कोमट इंजिन. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं, त्यातलं थोडं तेलात उतरतं. इंजिन नीट तापलं तर ते उडून जातं. पण देवरावांचं इंजिन नीट तापतच नाही.

आत्याने चमचा खाली ठेवला. "म्हंजे तुले मूर्तिजापूरलेच माहीत होतं?"

"सल्ला द्यायचा नाही असा नियम आहे."

"त्या मानसाचं नाव चाललं अन् तू नियम सांगून राहिली? तुह्या बापाचंबी असंच होतं. घर जळलं तरी पहिले विचारन, बोलू का?"

दुकानदार हसला. माझे कान गरम झाले.

"मी डॉक्टरांना सांगते," मी म्हणाले.

"अजिबात नाई." आत्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "मालकाले नाई. पहिले त्याले सांग. त्याची चूक त्याच्या कानावर पहिले गेली पाह्यजे. मंग त्यानं काय करायचं थे त्याचं तो पाहीन."

पुण्यात आम्ही असं करत नाही. तिथे चूक दिसली की सगळ्यांना एकाच वेळी मेल जाते.

बाळापूर, शनिवार

सकाळी आठला पोर्चमध्ये इंजिन चालू होतं, आणि बॉनेटवर देवरावांचा हात. मी जिन्यातच वाक्य पाठ केलं होतं. त्यातलं एकही आलं नाही.

"काका, तुमची ती सवय हीच आहे."

त्यांनी हात काढला नाही. मी पुढे बोलत राहिले, पायरीकडे बघत. जुन्या गाडीला हे चालत होतं, या गाडीला चालत नाही, एवढं सांगायला मला बहुधा पाच मिनिटं लागली.

"गार इंजिन पळवा म्हणता?" त्यांचा आवाज दुखावला होता.

"नाही. उभं ठेवून गरम करू नका म्हणते. चालवत गरम करायचं, हळू."

"तोंडी मी नाई ऐकत. दाखवा."

डॉक्टर दुपारपर्यंत दवाखान्यात असणार होत्या. देवराव वर जाऊन बाळापूरला जाऊन येण्याची परवानगी घेऊन आले. आत्या न बोलावता पुढच्या सीटवर बसली.

गाडीच्या पडद्यावर तीन पानं आत गेलं की इंजिनच्या तापमानाचा काटा दिसतो. देवरावांना ते पान माहीत नव्हतं. मी ते उघडून दिलं. पंधरा मिनिटं उभ्याने तापवूनही काटा एक तृतीयांशापर्यंतच पोचलेला होता. त्यांनी एकदा काट्याकडे, एकदा घड्याळाकडे पाहिलं.

आम्ही विजेवर निघालो. शहराबाहेर पडेपर्यंत काटा परत खाली यायला लागला होता. मोकळा रस्ता दिसला, तसं मी म्हणाले, "आता उठवा. आणि पाय हलका ठेवा."

त्यांनी बटण दाबलं. इंजिन हळूच सुरू झालं. पन्नासच्या वेगात, कुणालाही ओलांडायची घाई न करता ते चालवत राहिले. काटा वर चढू लागला. सात-आठ किलोमीटरवर तो बरोबर मध्यावर येऊन थांबला आणि मग हललाच नाही.

देवरावांनी गाडी कडेला घेतली. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसले.

"म्हंजे मी पैलवानाले सकाळी दंड-बैठका माराले लावल्या," ते सावकाश म्हणाले, "अंग गरम झालं तसं त्याले घरी बसवलं. अन् अंग गार पडल्यावर एकदम आखाड्यात ढकलून देल्लं."

आमच्या ऑफिसात चार बैठकांत कुणाला हे इतकं नीट सांगता आलं नव्हतं.

"बरोब्बर," आत्या म्हणाली. "आता पैलवान काय म्हणते?"

"पैलवान खुश हाये, ताई. वस्तादच येडा निघाला."

बाळापूरला मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर किल्ला आहे. विटांच्या उंच भिंती अजून ताठ उभ्या आहेत. आम्ही वर जाऊन नदी पाहिली, आत्याने पिशवीतून तिळाच्या वड्या काढल्या. देवरावांनी एक हातात घेतली आणि बराच वेळ खाल्लीच नाही. परत येताना म्हणाले, "मॅडमले मीच सांगतो."

"सांगायलाच हवं असं नाही," मी म्हणाले. "उद्यापासून सवय बदला. तेल आपोआप चांगलं राहील."

"नाई. वर्कशॉपवाला खरं बोलला होता अन् मी महिनाभर त्याले शिव्या देऊन राहिलो."

संध्याकाळी दिवाणखान्यात त्यांनी ते उभ्यानेच सांगितलं. चूक माझी, सवय माझी, आज डोळ्यांनी पाहिली. डॉक्टर ऐकत राहिल्या. निखिल हळू आवाजात म्हणाला, "म्हणजे काका, ते खरंच तुमच्यामुळे होतं." टोमणा नव्हता, पण खोलीत तो तसाच उतरला. आता निर्णयासाठी त्याला पुरावा मिळाला होता, आणि तो मीच मिळवून दिला होता.

"उद्या हिवरखेडला कॅम्प आहे," डॉक्टर शेवटी म्हणाल्या. महिन्यातून एका रविवारी त्या तिथे मुलं तपासायला जातात. "निखिल चालवेल. देवराव, तुम्ही शेजारी बसा. परत आल्यावर बोलू."

हिवरखेड, रविवार

मागे डॉक्टर, आत्या आणि मी. निखिल ऐटीत निघाला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच देवराव डाव्या सीटवर बसले होते. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं.

अकोटचा रस्ता खारपाणपट्ट्यातून जातो. इथल्या विहिरींचं पाणी खारट. हे आत्याने शिक्षिकेच्या सुरात सांगितलं आणि खात्री पटावी म्हणून गांधीग्रामला मला एका हापशाचं पाणी प्यायला लावलं. खात्री पटली. तोंडाची चव सुधारायला तिथली शेंगदाण्याची गूळपट्टी घेतली. ती इतकी चांगली होती की पुण्याला नेण्यासाठी घेतलेला पुडा अकोटच्या आत संपला.

अकोटच्या अलीकडे देवराव घसा साफ करून म्हणाले, "भाऊ, बॅटरी सरत आली. रस्ता मोकळा हाये तंवर इंजिन उठवून घ्या. हळूच."

"काका, गाडी स्वतः करते सगळं," निखिल म्हणाला. खोटं नव्हतं ते. गाडी सगळं स्वतः करते, फक्त पुढे रस्त्यात काय आहे ते तिला माहीत नसतं.

अकोट मागे पडलं. पुढे कापूस भरलेला मेटॅडोर होता, दोन्ही बाजूंना फुगलेला. समोरचा रस्ता रिकामा दिसला, निखिलने पाय पूर्ण दाबला, आणि बॅटरीत तेवढं बळ उरलं नव्हतं. थंड इंजिन एकदम उठलं आणि किंचाळलं. दुसरा शब्द नाही. मेटॅडोर मागे पडला तरी ते ओरडतच होतं.

देवरावांचा हात डॅशबोर्डवर गेला होता, त्या तापवाल्या लेकराच्या कपाळावर जातो तसा. पण ते एक शब्दही बोलले नाहीत.

बोलल्या डॉक्टर. "निखिल, हे काय झालं?"

"काही नाही आई, इंजिन सुरू झालं."

"सुरू झालं? दिवसभर मी रडणं ऐकते. भुकेचं वेगळं असतं, दुखण्याचं वेगळं. हे दुखण्याचं होतं." त्या पुढे वाकल्या. "देवराव, तुम्ही मघाशी उठवा म्हणालात ते याच्यासाठी?"

"हाव, मॅडम."

 निखिलने वेग कमी केला. उत्तरेला सातपुड्याची निळी रांग दिसायला लागली होती आणि हिवरखेडपर्यंत आम्ही सगळे तिच्याकडेच पाहत गेलो.

कॅम्प शाळेत होता. मुख्याध्यापकांनी वर्गातल्या प्लगमधून गाडीला वायर जोडू दिली. अर्ध्या तासात गाडीभोवती मुलं जास्त आणि डॉक्टरांपुढे कमी, अशी स्थिती झाली. आत्याने तिथल्या तिथे दोन रांगा लावल्या. शाळेचा आवाज तिला सापडला होता, आता तिला कुणी थांबवू शकणार नव्हतं. निखिल खिडकीत बसून मुलांची वजनं लिहून घेत होता.

मी मैदानाच्या कडेला जाऊन गावंडे काकांना फोन केला आणि झोपलेल्या इंजिनाबद्दल सगळं सांगितलं. आठवड्यातून एकदा, वीसेक मिनिटं, रस्त्यावर, हलक्या पायाने.

"अहो, मग मंगळवारी का नाही बोललात?" ते म्हणाले.

"चुकलं," मी म्हणाले. हेही पहिल्यांदाच.

जेवण गावातल्या एका घरी झालं. निखाऱ्यावर भाजलेले पानगे, वांग्याची भाजी आणि तुपाची धार. चार वाजता निघायची वेळ झाली तेव्हा निखिल गाडीजवळ उभा होता. त्याने दार उघडलं, पण उजवीकडचं नाही. डाव्या बाजूने आत बसला.

"काका, तुम्ही घ्या. मला बघायचंय."

देवरावांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर पिशवीत काहीतरी शोधत असल्यासारख्या वाकल्या होत्या. देवराव बसले, सीट पुढे घेतली, आरसा नीट केला. शाळेतल्या वायरीने थोडी बॅटरी भरली होती. गाव संपेपर्यंत आम्ही विजेवर होतो. पोरं मागे पळत होती, आत्या खिडकीतून त्यांना परत जायला सांगत होती.

मग अकोटपर्यंतचा सरळ रस्ता. उन्हं तिरपी झालेली, केळीच्या बागा, डावीकडे मागे पडत जाणारा सातपुडा. देवराव आणि निखिल पुढे हळू आवाजात बोलत होते. "आता उतार हाये, अठी पाय काढाचा. पाहा काटा." निखिल वाकून पडद्याकडे पाहत होता. आत्याला झोप लागली, तेव्हा गाडीत खरी शांतता झाली.

अकोटच्या कमानीजवळ डॉक्टरांनी विचारलं, "देवराव, इंजिन आता सुरू होईल ना? सांगा हं आधी. सकाळसारखं नको."

"सुरू हाये, मॅडम," देवराव म्हणाले. "पाच किलोमीटर झाले."

डॉक्टर कान देऊन बसल्या. मीही. खरंच, खूप लक्ष दिलं तर खाली कुठेतरी एकसारखी घरघर होती, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखी. ती कधी सुरू झाली ते आम्हा चौघांपैकी कुणालाच कळलं नव्हतं.

निखिल हसायला लागला. "मी काट्याकडेच बघत होतो, आई. मलाही नाही कळलं."

डॉक्टर मागे टेकल्या. पूर्णा नदीचा पूल आला. मग रोजच्या सुरात म्हणाल्या, "देवराव, उद्या ओपीडी नऊला आहे. आधी एक घरची भेट आहे, डाबकी रोडला. किती वाजता येता?"

देवरावांनी आरशातून एकदा मागे पाहिलं, आणि परत रस्त्याकडे.

"आठले, मॅडम," ते म्हणाले. "पावणेआठले नाई. ते गरम कराचं काम आता मी रस्त्यावर करतो."